पट्टेरी माशाची साक्ष : गर्भाच्या घडणीत जनुकांचे कार्य

गंगेच्या खोऱ्यातील ओढे, तळी आणि पाण्याने भरलेली भातखाचरे यांत बोटाच्या दोन पेरांएवढा एक मासा आढळतो. त्याच्या रुपेरी अंगावर कल्ल्यांपासून शेपटीच्या टोकापर्यंत निळ्या रेघा ओढलेल्या असतात. खाण्याच्या दृष्टीने त्याला मोल नाही. कंपनी सरकारच्या नोकरीत शल्यवैद्य म्हणून हिंदुस्थानात आलेल्या फ्रान्सिस हॅमिल्टन याने गंगा व तिच्या उपनद्यांतील माशांवरील आपल्या ग्रंथात १८२२ साली या माशाची प्रथम नोंद केली. शास्त्रीय भाषेत त्याला ‘डॅनिओ रेरिओ’ म्हणतात. अंगावरील पट्ट्यांमुळे जगभर तो ‘झेब्रा मासा’ या नावाने ओळखला जातो. पुढे दीड शतक हौशी लोकांच्या काचपात्रांची शोभा वाढविणे एवढेच त्याचे कार्य होते. सांप्रत मात्र मातेच्या उदरात मूल कसे घडते, आणि ते घडताना कोठे व का बिघडते, या प्रश्नाची उत्तरे शोधणारे शास्त्रज्ञ ज्या थोड्या प्राण्यांकडे प्रामुख्याने वळतात, त्यांत या माशाची गणना होते.

माणसाच्या गर्भाविषयीच्या प्रश्नाचे उत्तर माशाला विचारण्याचे कारण काय, असे वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे कारण सरळ आहे. माणसाचा गर्भ दृष्टीआड वाढतो. त्याचे हृदय सुमारे तिसऱ्या आठवड्याच्या अखेरीस धडधडू लागते, मेंदू व मेरुरज्जू ज्या नळीपासून बनतात ती चौथ्या आठवड्यात मिटते, आणि या अवधीत पुष्कळ स्त्रियांना आपण गरोदर आहोत याची कल्पनाही नसते. घडणीचा सर्वांत नाजूक काळ असा कोणाच्याही नकळत सरून जातो. झेब्रा माशाची मादी मात्र पहाटेच्या पहिल्या उजेडाबरोबर पाण्यात शंभर-दोनशे अंडी सोडते, फलन शरीराबाहेरच होते, आणि प्रत्येक अंडे काचेसारखे पारदर्शक असते. साध्या सूक्ष्मदर्शकाखाली बशी ठेवली की एका पेशीपासून जीव कसा आकारास येतो हे डोळ्यांनी पाहता येते. त्यासाठी कशाचीही चिरफाड करावी लागत नाही.

पहिला दिवस

अंड्याचा व्यास मिलिमीटरहूनही कमी असतो. साडेअठ्ठावीस अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात फलनानंतर सुमारे पाऊण तासाने पहिल्या पेशीच्या दोन पेशी होतात. त्यानंतर दर पंधरा मिनिटांनी ही संख्या दुप्पट होत जाते आणि तिसऱ्या तासाला पिवळ्या बलकाच्या माथ्यावर हजार पेशींची टोपी बसलेली दिसते. ही टोपी हळूहळू पसरत बलकाला वरून खाली झाकू लागते. सहाव्या तासाला तिच्या कडेवर एका बाजूस जाडसर उंचवटा येतो. तीच बाजू पुढे माशाची पाठ होणार असते. दहाव्या तासापर्यंत सर्व बलक झाकला जातो, आणि मग पाठीच्या दोन्ही अंगांना सुमारे अर्ध्या तासाला एक अशा घड्याळी नियमाने खंडांच्या जोड्या पडू लागतात. त्यांच्यापासून स्नायू व मणके बनतात. चोवीस तास पुरे होताना डोळे, मेंदू व शेपूट ओळखू येतात आणि हृदयाची हालचाल सुरू झालेली असते. तिसऱ्या दिवसापर्यंत पिल्लू कवचातून बाहेर पडते व पाचव्या दिवशी पोहत स्वतःचे अन्न शोधू लागते. कोंबडीच्या अंड्याला एकवीस दिवस लागतात, हे ध्यानी घेतले म्हणजे या वेगाचे महत्त्व कळेल.

हे सर्व घडवून आणणारी सूचनावली जनुकांत असते. गर्भाच्या प्रत्येक पेशीत जनुकांचा संपूर्ण संच असतो. डोळ्याच्या पेशीत वेगळा संच आणि हृदयाच्या पेशीत वेगळा, असा प्रकार नसतो. घरोघरी पोथी एकच असावी, परंतु कोणी कोणता अध्याय केव्हा लावावा हे मात्र ठरलेले असावे, तशी ही व्यवस्था आहे. एखादे जनुक जागे झाले म्हणजे त्याच्या आधारे एक विशिष्ट प्रथिन तयार होते. त्यांतील काही प्रथिने शरीराची बांधणी करतात, तर काही इतर जनुकांना जागे करतात अथवा निजवितात. गर्भविज्ञानाचा खरा प्रश्न हा की, कोणते जनुक, कोठे, केव्हा जागे होते, आणि ते झाले नाही तर काय होते?

आईची शिदोरी

पहिल्या तीन तासांत गर्भाची स्वतःची जनुके जवळजवळ निद्रिस्त असतात, ही गोष्ट प्रथम ऐकताना चमत्कारिक वाटते. एवढ्या झपाट्याने चाललेले पेशीविभाजन मग कोणाच्या आज्ञेने होते? तर आईच्या. अंडे तयार होत असतानाच मादीने त्यात आपल्या जनुकांच्या संदेशांची शिदोरी बांधून दिलेली असते. हजार पेशींच्या टप्प्याच्या सुमारास हा कारभार आईकडून गर्भाकडे येतो. हे हस्तांतर कोण घडवून आणते याचा शोध अमेरिकेतील येल विद्यापीठात घेण्यात आला व २०१३ साली तो प्रसिद्ध झाला. नॅनॉग, पीओयू-५-एफ-३ आणि सॉक्स-बी-१ या नावांची आईने दिलेली प्रथिने गर्भाच्या जनुकांना जागे करण्यात प्रमुख भाग घेतात, असे त्यात दिसून आले. या तिन्हींचे निकटचे आप्त सस्तन प्राण्यांच्या मूळपेशींतही कार्य करीत असतात, ही बाब लक्षणीय आहे.

पाठ कोणत्या बाजूस असावी हेसुद्धा आईच्या शिदोरीतूनच ठरते. बीजिंगच्या छिंग्ह्वा विद्यापीठातील मंग आनमिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ साली अशा एका जनुकाचे वर्णन केले. त्याचे नाव ‘हुलुवा’. भोपळ्यातून जन्मलेल्या भावंडांच्या एका चिनी चित्रपटमालिकेवरून ते ठेवले आहे. कारण मादीत हे जनुक निकामी असेल तर तिच्या अंड्यांतून डोके वा पाठ नसलेले, भोपळ्यासारखे गर्भ निपजतात. गर्भाच्या स्वतःच्या जनुकांत त्या वेळी काही दोष असेलच असे नाही. हुलुवाचा संदेश अंड्याच्या तळाशी ठेवलेला असतो आणि फलनानंतर तो एका बाजूस सरकतो. त्या बाजूला बीटा-कॅटेनिन नावाचे प्रथिन टिकून राहते, पेशीकेंद्रांत शिरते आणि पाठीची जनुके जागी करते.

पाठ आणि पोट

सहाव्या तासाला दिसणाऱ्या त्या उंचवट्याला गर्भविज्ञानात मोठी परंपरा आहे. जर्मनीत हान्स श्पेमान व त्यांची विद्यार्थिनी हिल्डे मांगोल्ड यांनी १९२४ साली न्यूट या उभयचर प्राण्याच्या गर्भातील तसाच भाग काढून दुसऱ्या गर्भाच्या पोटाच्या बाजूला बसविला. तेथे एक दुसरा गर्भच उभा राहिला. या भागास त्यांनी ‘संघटक’ असे नाव दिले. श्पेमान यांना १९३५ साली नोबेल पारितोषिक मिळाले. मांगोल्ड त्यापूर्वीच अपघातात मरण पावल्या होत्या. संघटक म्हणजे कोणते द्रव्य, हा प्रश्न त्यानंतर साठ-सत्तर वर्षे अनुत्तरित राहिला. त्याच्या उत्तराचा एक महत्त्वाचा भाग झेब्रा माशाने पुरविला.

गर्भाच्या पोटाच्या बाजूला बीएमपी वर्गाची प्रथिने तयार होतात. समईचा उजेड जवळ दाट आणि लांब विरळ असावा, त्याप्रमाणे या प्रथिनांचे प्रमाण पोटाकडे अधिक व पाठीकडे कमी होत जाते. पेशी त्या प्रमाणावरून आपली जागा ओळखतात. ते अधिक असेल तेथे रक्त व पोटाकडील त्वचा, आणि अगदी कमी असेल तेथे मेंदू व मेरुरज्जू, अशी ही विभागणी आहे. पाठीकडील संघटक कॉर्डिन नावाचे प्रथिन सोडतो. ते बीएमपीला वाटेतच धरून ठेवते व पाठीच्या प्रदेशात पोहोचू देत नाही. म्हणजे पाठीची घडण एका अर्थी पोटाची आज्ञा अडविल्यामुळे होते.

हे तर्काने ठरलेले नाही. ज्या माशांत बीएमपी-२-बी हे जनुक बिघडलेले असते, त्यांना ‘स्वर्ल’ म्हणतात. त्यांच्या गर्भात पाठीचे भाग बेसुमार वाढतात, पोटाचे भाग होतच नाहीत, आणि गर्भ पहिल्याच दिवशी नष्ट होतो. बीएमपी-७ बिघडलेला मासा गोगलगाईच्या शंखासारखा वळतो, म्हणून त्याला ‘स्नेलहाउस’ हे नाव मिळाले. याउलट कॉर्डिन बिघडले तर डोके लहान राहते आणि शेपटीकडे रक्तपेशींचा साठा वाढतो. फळमाशीतही याच जातीची जोडी आहे, पण तिची दिशा उलटी आहे. कीटकाचे पोट ज्या आज्ञेने घडते तिनेच आपली पाठ घडते! कीटकाला उताणे केले तर त्याची रचना पृष्ठवंशी प्राण्याशी जुळते, असा विचार फ्रेंच शास्त्रज्ञ जॉफ्र्वा सँतिलेअर यांनी १८२२ सालीच मांडला होता आणि त्याबद्दल त्यांची पुष्कळ थट्टा झाली होती. हॅमिल्टनचा ग्रंथ ज्या वर्षी निघाला तेच हे वर्ष. योगायोगाला शास्त्रात स्थान नसते. पण इतिहास वाचणाऱ्याला त्याचे कौतुक वाटल्यावाचून राहत नाही.

बिघाडांची खानेसुमारी

या संशोधनाचा पाया जॉर्ज स्ट्रायसिंगर यांनी घातला. बुडापेस्टमध्ये जन्मलेले व अमेरिकेतील ओरेगॉन विद्यापीठात स्थिरावलेले हे शास्त्रज्ञ मूळचे विषाणूंचे अभ्यासक. पृष्ठवंशी प्राण्यांत जनुकांचा अभ्यास विषाणूंइतक्याच काटेकोरपणे करता यावा या हेतूने त्यांनी हा मासा निवडला. केवळ मादीच्या वंशद्रव्यापासून एकसारखी पिल्ले निपजविण्याची त्यांची पद्धत १९८१ साली प्रसिद्ध झाली. १९८४ साली त्यांचे निधन झाले. सहकाऱ्यांनी त्यांचे काम पुढे नेले.

फळमाशीच्या गर्भातील जनुके शोधून काढल्याबद्दल १९९५ च्या नोबेल पारितोषिकात सहभागी झालेल्या क्रिस्तिआने न्यूसलाइन-फोलहार्ट यांनी जर्मनीतील ट्यूबिंगेन येथे या माशावर फार मोठा प्रयोग योजिला. त्याच वेळी बॉस्टन येथे वोल्फगांग ड्रीव्हर व मार्क फिशमन यांनीही तसेच कार्य हाती घेतले. त्यांची रीत सांगण्यासारखी आहे. नर माशांना एका रसायनाच्या पाण्यात ठेवून त्यांच्या शुक्रपेशींतील जनुकांत यदृच्छया बिघाड केले जात. प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात व एक चांगली असली तर बहुधा भागते. म्हणून पहिल्या पिढीत काही दिसत नसे. दुसऱ्या पिढीतील भावंडांचा संकर केला म्हणजे तिसऱ्या पिढीत, जेथे दोन्ही प्रती बिघडलेल्या असत तेथे, चार पिल्लांमागे एका पिल्लात दोष उघड होई. अशी हजारो कुटुंबे स्वतंत्र पात्रांत वाढवावयाची, त्यांची अंडी दिवसामागून दिवस सूक्ष्मदर्शकाखाली तपासावयाची आणि प्रत्येक व्यंगाची नोंद ठेवावयाची, हे काम कोणत्याही जनगणनेइतकेच चिकाटीचे होते. डिसेंबर १९९६ मध्ये ‘डेव्हलपमेंट’ या नियतकालिकाचा एक संपूर्ण अंक या दोन गटांच्या निबंधांना वाहिला गेला. ट्यूबिंगेनच्या नोंदी चार हजारांहून अधिक आणि बॉस्टनच्या दोन हजारांहून अधिक होत्या.

प्रत्येक व्यंगाला नाव हवे होते आणि शास्त्रज्ञांनी त्यात आपली विनोदबुद्धी मोकळी सोडली. शेपूट नसलेला ‘नो टेल’. पहिले सात-आठ खंड पडून पुढे घोटाळा होणारा ‘आफ्टर एट’. रक्त फिकट असलेल्या माशांना ‘शार्डोने’, ‘रीस्लिंग’ अशी द्राक्षमद्यांची नावे मिळाली. या शेवटच्या कुळातील ‘वाइसहेर्ब्स्ट’ नावाच्या माशाने मोठी कामगिरी बजावली. त्याच्या बलकात लोह असूनही ते रक्तात उतरत नसे. २००० साली बॉस्टनच्या संशोधकांनी त्यातील बिघडलेले जनुक शोधले. पेशीतून लोह बाहेर सोडणारे फेरोपोर्टिन हे प्रथिन त्यातून हाती आले. आपण खाल्लेल्या अन्नातील अथवा लोहाच्या गोळीतील लोह आतड्याच्या पेशीतून रक्तात जाते ते याच दारातून. पुढच्याच वर्षी माणसाच्या शरीरात लोह साचण्याच्या एका आनुवंशिक विकाराचे मूळही याच जनुकात सापडले.

एक डोळा, थांबलेले हृदय

ओरेगॉनमध्ये १९९१ साली वर्णिलेल्या ‘सायक्लॉप्स’ माशात दोन्ही डोळे मध्यभागी एकत्र आलेले असतात. डोळ्यांचा प्रदेश आरंभी एकसंध असतो. मेंदूच्या खालच्या बाजूने येणारा संदेश त्याचे दोन भाग करतो. तो न आल्यास डोळा एकच राहतो. १९९८ साली या माशातील बिघडलेले जनुक नोडल वर्गातील असल्याचे स्पष्ट झाले. त्या संशोधनात करुणा संपत या भारतीय शास्त्रज्ञेचा प्रमुख वाटा होता. सायक्लॉप्स व त्याचे भावंड ‘स्क्विंट’ ही दोन्ही जनुके एकाच वेळी गेली तर स्नायू, रक्त, आतडी यांची जवळजवळ सर्व घडण कोलमडते, असेही त्याच वर्षी दिसले. मानवी गर्भातही अग्रमस्तिष्काचे दोन भाग न होण्याचा गंभीर दोष आढळतो. नोडलच्या पुढच्या साखळीत काम करणारे ‘सॉनिक हेजहॉग’ हे जनुक त्याच्या कारणांपैकी एक आहे, हे १९९६ साली सिद्ध झाले होते.

‘सायलेंट हार्ट’ या माशाचे हृदय तयार होते, पण धडधडत नाही. सस्तन प्राण्याचा असा गर्भ तत्काळ दगावला असता आणि तपासण्यास काही उरले नसते. माशाचे पिल्लू इतके लहान असते की पाण्यातील प्राणवायू त्वचेतूनच त्याला पुरतो. त्यामुळे हृदय बंद असतानाही ते काही दिवस जगते. तेवढ्या अवधीत संशोधकांना हृदयाचे निरीक्षण करता येते. २००२ साली त्यातील दोष ट्रोपोनिन-टी या स्नायूप्रथिनाच्या जनुकात सापडला. माणसात हृदयाच्या भिंती जाड होण्याच्या आनुवंशिक विकाराशी या जनुकाचा संबंध आधीच ठाऊक होता. त्याच वर्षी ‘हार्टस्ट्रिंग्ज’ माशाचेही कोडे उलगडले. त्याचे हृदय वळण न घेता तारेसारखे ताणले जाते आणि त्याला छातीचे पर फुटतच नाहीत. दोष टीबीएक्स-५ या जनुकात. माणसात याच जनुकाच्या दोषाने होल्ट-ओरम नावाचा विकार होतो व त्यात हृदयाला छिद्र आणि हाताच्या हाडांत व्यंग ही एकत्र आढळतात. माशाचा पर व माणसाचा हात यांचे नाते पाठ्यपुस्तकात वाचले होते. ते एकाच जनुकाच्या बिघाडाने असे समोर येते, तेव्हा त्याचा अर्थ निराळाच वाटतो.

ग्रहण, ओठ आणि एक फुटलेले अंडे

आपल्याकडे दुभंगलेल्या ओठाचे मूल जन्मले की घरातील वडीलधारी माणसे प्रथम आठवण काढतात ती ग्रहणाची. ग्रहण चालू असताना सुनेने विळी हाती घेतली असेल, काहीतरी चिरले असेल, म्हणून मुलाचा ओठ चिरला, असा निवाडा होतो. तो ऐकणारी आई आधीच बाळंतपणाने खचलेली असते. या समजुतीने किती घरांत किती दुःख निर्माण केले असेल याची मोजदाद कोणत्याही खात्याकडे नाही. ओठ गर्भावस्थेच्या चौथ्या ते सातव्या आठवड्यांत जुळतो आणि तो न जुळण्यामागे अनेक जनुकांचा व परिस्थितीचा संमिश्र परिणाम असतो. विळीचा किंवा चंद्र-सूर्याचा त्याच्याशी संबंध नाही.

या अनेकांपैकी एक जनुक म्हणजे आयआरएफ-६. ओठांवर लहान खळगे आणि दुभंगलेला ओठ अथवा टाळू, असा व्हॅन डर वूड नावाचा आनुवंशिक विकार आहे. त्याचे मूळ या जनुकात असल्याचे २००२ साली कळले. तथापि व्यवहारात एक अडचण उरली. एखाद्या रुग्णाच्या आयआरएफ-६ मध्ये एका अक्षराचा बदल सापडला, तर तोच व्यंगाचे कारण की तो निरुपद्रवी, हे कसे ठरवावे? आईवडिलांना पुढच्या अपत्याबद्दल सल्ला द्यावयाचा तर हे ठरविणे आवश्यक असते. संगणकाचे अंदाज येथे पुरेसे विश्वसनीय ठरत नाहीत.

उत्तर माशाने दिले. हे जनुक निकामी असलेली मादी स्वतः मोठी होऊ शकते, कारण गर्भावस्थेत तिला तिच्या आईची शिदोरी मिळालेली असते. तिच्या स्वतःच्या अंड्यांत मात्र ती शिदोरी नसते. अशा अंड्यांतील गर्भ चार-पाच तास नीट वाढतात. नंतर त्यांना वेढणारा बाह्यपेशींचा पातळ पडदा फाटतो व बलकासह सर्व बाहेर सांडते. एकपेशीय अवस्थेतच मानवी आयआरएफ-६ चा संदेश सुईने आत सोडला तर मात्र गर्भ फुटत नाही. मग रुग्णात आढळलेल्या बदलासह तोच संदेश सोडून पाहावयाचा. गर्भ टिकला तर बदल निरुपद्रवी, फुटला तर घातक. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या या परीक्षणात, संगणकाने घातक ठरविलेले काही बदल निर्दोष असल्याचे आढळले. एका दिवसाच्या आत लागणारा हा निकाल आहे!

दुभंगलेला ओठ, जन्मजात हृदयदोष, वाकडे पाऊल यांची तपासणी व उपचार २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंतर्भूत आहेत, हे येथे नमूद करणे अप्रस्तुत ठरणार नाही. मज्जानलिका न मिटण्याचा दोष बऱ्याच अंशी टाळण्यासाठी फॉलिक आम्लाच्या गोळ्या गर्भधारणेच्या आधीपासून घ्याव्या लागतात. आरंभी सांगितलेला चौथा आठवडा आठवला म्हणजे ‘आधीपासून’ या शब्दाचे महत्त्व पटेल.

औषधाचा घात

जनुक निर्दोष असूनही घडण बिघडू शकते. थॅलिडोमाइड हे गुंगीचे औषध १९५७ साली पश्चिम जर्मनीत विक्रीस आले आणि गरोदरपणातील मळमळीवरही अनेक देशांत घेतले गेले. १९६१ च्या अखेरीस ते तेथे मागे घेण्यात आले, तोपर्यंत जगात दहा हजारांहून अधिक बालके हातापायांची व्यंगे घेऊन जन्मली होती. घुशी-उंदरांच्या गर्भांवर या औषधाचा तसा परिणाम होत नाही, म्हणून ते कसे घात करते हे जवळजवळ अर्धे शतक गूढच राहिले. २०१० साली जपानमधील संशोधकांनी ते सेरेब्लॉन नावाच्या प्रथिनाला चिकटते असे दाखविले. त्याचा पुरावा झेब्रा मासा व कोंबडी यांच्या गर्भांतून मिळाला. औषध दिलेल्या पाण्यात माशाचे छातीचे पर खुंटले. ज्याला औषध चिकटू शकत नाही असे बदललेले सेरेब्लॉन ज्या गर्भांत सोडले होते, त्यांचे पर नीट वाढले. हे औषध आजही कर्करोगाच्या एका प्रकारावर व कुष्ठरोगातील एका गुंतागुंतीवर कडक निर्बंधांखाली वापरले जाते. त्यामुळे हा केवळ इतिहासाचा प्रश्न नाही.

साक्षीच्या मर्यादा

या माशाची जनुकमालिका २०१३ साली प्रसिद्ध झाली. तीत प्रथिने घडविणारी २६ हजारांहून अधिक जनुके आढळली आणि माणसाच्या जनुकांपैकी सुमारे ७० टक्क्यांना माशात किमान एक जोडीदार असल्याचे दिसले. परंतु एवढ्यावरून माशाला छोटा माणूस समजणे चुकीचे होईल. त्याला फुप्फुसे नाहीत, वार नाही, गर्भाशय नाही. शिवाय त्याच्या पूर्वजांत संपूर्ण जनुकसंच एकदा दुप्पट झाला. त्यामुळे माणसात एक जनुक जे काम करते ते माशात कधीकधी दोघांत वाटलेले असते.

पद्धतींच्या बाबतीतही सावधगिरी बाळगावी लागली. जनुकाचा संदेश तात्पुरता दाबून टाकणारे मॉर्फोलिनो नावाचे रेणू २००० सालापासून फार लोकप्रिय झाले. पुढे २०१३ पासून क्रिस्पर तंत्राने जनुक कायमचे कापणे सोपे झाले, तेव्हा मॉर्फोलिनोने दिसलेली पुष्कळ व्यंगे जनुक कापलेल्या माशांत दिसेनात. काही ठिकाणी मॉर्फोलिनोचेच विषारी दुष्परिणाम कारणीभूत होते. काही ठिकाणी मात्र, जनुक कायमचे गेल्यावर त्याच्या नातलग जनुकांनी ती उणीव भरून काढली होती, असे २०१५ साली आढळले. वर्षानुवर्षे छापले गेलेले निष्कर्ष पुन्हा तपासावे लागणे शास्त्रज्ञांना सुखाचे झाले नसेल. पण त्यांनी ते तपासले.

मायदेशी

हा मासा भारतातला, आणि त्याचा अभ्यास मात्र ओरेगॉन, ट्यूबिंगेन, बॉस्टन येथे वाढला. आता तो मायदेशीही रुजला आहे. दिल्लीच्या जीनोमिकी व समवेत जीवविज्ञान संस्थेने २००९ साली रानटी झेब्रा माशाची जनुकमालिका वाचल्याचे जाहीर केले. मुंबईत कुलाबा येथील टाटा मूलभूत संशोधन संस्थेत महेंद्र सोनवणे यांचा गट गर्भाची त्वचा कशी घडते याचा अभ्यास करतो. ट्यूबिंगेन येथे न्यूसलाइन-फोलहार्ट यांच्याकडे काम करताना त्यांनी ‘पेनर’ या माशाचे वर्णन २००५ साली प्रसिद्ध केले होते. त्यात त्वचेच्या तळच्या पेशींना खालच्या थराशी जखडणारे टाके नीट पडत नाहीत. मुंबईतील त्यांच्या गटाने पुढे ‘गूजपिंपल्स’ नावाच्या माशावर काम केले. त्यात मायोसिन-५-बी हे वाहतूक करणारे प्रथिन बिघडल्यामुळे त्वचेच्या वरच्या थरातील पेशींचा आकार राखला जात नाही. आयआरएफ-६ च्या अभावी जो बाह्य पडदा फाटतो, त्यापासूनच हा थर बनतो.

पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत चिन्मय पात्रा यांचा गट वेगळ्या अंगाने याच माशाकडे पाहतो. गर्भाच्या पाठीतून जाणाऱ्या पृष्ठरज्जूच्या पेशींपासून मणक्यांमधील चकत्यांचा गाभा बनतो. माणसात वयानुसार या पेशी कमी होतात, चकत्या झिजतात व कंबरदुखी जडते. प्रौढ झेब्रा माशात मात्र सीसीएन-२-ए हे प्रथिन या पेशींना टिकवून धरते व चकती दुखावल्यास ती पुन्हा घडविण्यास साहाय्य करते, असे या गटाने २०२३ साली प्रसिद्ध केले. हे प्रथिन ज्या संदेशमार्गाने काम करते, त्याच्या शेवटी ‘सॉनिक हेजहॉग’ आहे. गर्भावस्थेत मेंदूचे दोन भाग करण्यात ज्याचा हात असतो तेच जनुक प्रौढ माशाच्या पाठीत दुरुस्तीला येते. माणसाच्या झिजलेल्या चकतीत त्याला पुन्हा कामाला लावता येईल काय, याची तपासणी व्हावयाची आहे.